दगडातील वास्तुशिल्पासाठी पूर्वरेखाटने कशी तयार करावीत

इमारतीच्या भिंतीत, कमानीच्या माथ्यावर, स्तंभशीर्षावर किंवा छज्जाखालच्या तोड्यावर बसणारे शिल्प कोरायला घेण्यापूर्वी शिल्पकाराला बरीच रेखाटने करावी लागतात. त्यांतली फार थोडी चित्र म्हणून पाहण्याजोगी असतात. बाकीची मोजमापांची, छेदांची, सांध्यांची आणि सावल्यांची असतात. कागदाला लांबी आणि रुंदी एवढेच असते, दगडाला तिसरी मिती असते, आणि माझ्या अनुभवात कोरीव कामातील बहुतेक मोठ्या चुका त्या तिसऱ्या मितीतच होतात. म्हणून पूर्वतयारीच्या प्रत्येक रेखाटनाने खोलीविषयी काहीतरी निश्चित सांगितले पाहिजे, ही अट मी सर्वांत वर ठेवतो. खोली कागदावर ठरलेली नसेल, तर ती छिन्नी चालवताना घाईत ठरते, आणि निघालेली कपची परत बसवता येत नाही.

पुढील विवेचन भिंतीतील उठावशिल्पांना आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहणाऱ्या मूर्तींना, अशा दोन्ही प्रकारांना लागू पडते. वाचकाला रेखाटनाचा सराव आहे आणि इमारतीचे आराखडे वाचता येतात, असे येथे गृहीत धरले आहे.

जागा, उंची आणि उजेड

पहिली रेखाटने कार्यशाळेत न करता जागेवर जाऊन करावीत. इमारत अजून उभी राहिली नसेल, तर वास्तुविशारदाकडून त्या भिंतीचा दर्शनी आराखडा आणि छेद मागून घ्यावा व त्यावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: शिल्पाचा तळ जमिनीपासून किती उंचीवर आहे, माणसे ते सहसा किती अंतरावरून पाहतील, आणि त्याच्या खाली किंवा वर पुढे आलेला कोणता घटक आहे. या तीन आकड्यांवर पुढचे निम्मे निर्णय अवलंबून असतात.

एक उदाहरण मांडून पाहू. एखादी मूर्ती ९ मीटर उंचीवरील छज्जावर उभी आहे, पाहणाऱ्याचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि तो छज्जाच्या कडेपासून १० मीटर दूर उभा आहे असे समजा. डोळ्यापासून छज्जापर्यंतची उभी उंची साडेसात मीटर होते, म्हणजे दर मीटर आडव्या अंतरामागे दृष्टिरेषा ७५ सेंटिमीटर वर चढते. मूर्तीची पावले छज्जाच्या कडेपासून २० सेंटिमीटर आत असतील, तर त्यांचा तळाकडचा १५ सेंटिमीटर भाग त्या माणसाला दिसणारच नाही. तोच माणूस २० मीटरवर गेला, तर झाकला जाणारा भाग साडेसात सेंटिमीटरवर येतो. हा हिशेब छेदाच्या रेखाटनात एक सरळ रेघ ओढून क्षणात कळतो, आणि तरीही तो वगळला जातो. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी पावलांची बोटे आणि त्यांवरचे दागिने अतिशय मन लावून कोरले होते. मूर्ती वर चढवल्यावर खालून पाहिले, तेव्हा ती घोट्यापासून सुरू होत होती. तेव्हापासून मी दृष्टिरेषेचा छेद काढल्याशिवाय आकृतीचे पहिले रेखाटनही करत नाही. अशा ठिकाणी मूर्तीखाली तेवढ्याच उंचीची साधी बैठक द्यावी किंवा मूर्ती कडेजवळ आणावी.

याच उदाहरणात खालून वर पाहताना उभी मापे आखूड दिसतात. दृष्टिरेषेचा कोन सुमारे ३७ अंशांचा असल्याने उभ्या पृष्ठभागाची १ मीटर उंची रुंदीच्या मानाने जवळपास ८० सेंटिमीटर भासते. यावर उपाय म्हणून आकृतीचा वरचा भाग, विशेषतः मान आणि डोके, थोडे लांबवण्याची आणि डोके किंचित पुढे झुकवण्याची जुनी रीत आहे. ही दुरुस्ती पूर्ण हिशेबाने करू नये असे माझे मत आहे. माणसे दुरूनही शिल्प पाहतात, तेव्हा पूर्ण ताणलेली आकृती विचित्र दिसते, आणि डोळाही उंचावरील वस्तूची काही प्रमाणात भरपाई आपणहून करत असतो. हिशेबाने निघालेल्या वाढीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरुवात करावी आणि पूर्ण आकाराचे रेखाटन उंचावर टांगून पाहून मगच ती वाढवावी किंवा कमी करावी.

बारकाव्यांनाही अंतराची मर्यादा असते. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखता येतो. १० मीटरवर तो सुमारे ३ मिलिमीटर आणि २० मीटरवर सुमारे ६ मिलिमीटर होतो. यापेक्षा बारीक खाच त्या अंतरावरून दिसत नाही, आणि ती नक्षी म्हणून वाचता यावी यासाठी तर तिला याच्या कितीतरी पट रुंदी द्यावी लागते. केसांच्या बटा, वस्त्राच्या चुण्या, पानांच्या शिरा यांची संख्या या हिशेबाने कमी करावी. दहा चुण्यांऐवजी चार, पण खोल, हा निर्णय रेखाटनाच्या टप्प्यावरच झाला पाहिजे.

उजेडाची नोंद दिवसातून किमान तीन वेळा घ्यावी. पूर्वेच्या भिंतीवर सकाळी आणि पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळी उजेड क्षितिजालगतच्या सूर्याकडून, जवळजवळ समोरून येतो आणि उथळ कोरीव काम त्या वेळी सपाट दिसते. विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या भिंतीवर दुपारचा उजेड वरून घसरत येतो, सावल्या लांब पडतात आणि थोडासा उठावही ठळक होतो. याच्या उलट दिशेच्या भिंतीला बहुतेक काळ केवळ आकाशाचा पसरलेला उजेड मिळतो. तेथे सावलीवर विसंबता येत नाही, म्हणून कडांखाली खोल कापून काळोख निर्माण करावा लागतो. खोल छज्जाखालील शिल्पाला तर जमिनीवरून परावर्तित होऊन खालून येणारा उजेडच मुख्य असतो, आणि अशा उजेडात नेहमीच्या सवयीने काढलेला चेहरा उलटा वाचला जातो. प्रत्येक वेळचे एक लहान रेखाटन, फक्त उजेड आणि सावली अशा दोनच छटांत, वहीत करून ठेवावे.

दगड कागदावर आणणे

दगड कोणता आहे हे माहीत नसताना केलेले रेखाटन अर्धवट असते. वालुकाश्म आणि चुनखडक हे थरांनी बनलेले दगड आहेत आणि इमारतीत ते कोणत्या बाजूने बसतात यावर त्यांचे आयुष्य ठरते. साध्या भिंतीत थर आडवे ठेवतात. पुढे आलेल्या, खालून कापलेल्या पट्टीत मात्र थर उभे आणि दर्शनी पृष्ठभागाशी काटकोनात ठेवणे योग्य, कारण आडवे थर असतील तर खालचा पापुद्रा सुटून पडू शकतो. कमानीच्या दगडांत थर दाबाच्या दिशेशी काटकोनात येतात. थर दर्शनी पृष्ठभागाला समांतर ठेवले, तर काही वर्षांत कोरलेला चेहराच पापुद्र्यासारखा सुटण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक रेखाटनावर थरांची दिशा बाणाने दाखवावी. तो बाण पाहून आकृतीतही बदल करावा लागतो: आडव्या थरांच्या दगडात वर उठलेले सडपातळ टोक, उदाहरणार्थ उंचावलेले बोट किंवा पानाचा सुटा शेंडा, थरावर तुटते, तोच भाग पार्श्वभूमीला टेकवला किंवा शेजारच्या आकाराशी जोडला की टिकतो.

संगमरवर आणि ग्रॅनाइट यांत थरांचा प्रश्न वेगळा असला, तरी रंगाचा आणि कणांचा विचार करावा लागतो. पांढऱ्या संगमरवरात उजेड किंचित आत शिरतो, त्यामुळे सावल्या मऊ होतात आणि नाजूक चढउतार दिसतात. काळ्या बसाल्टमध्ये मुळातच सर्व गडद असल्याने मंद सावली हरवते. तेथे कडा स्पष्ट आणि खाचा खोल ठेवाव्यात. ग्रॅनाइट घासून चकाकी दिलेला असला की गडद दिसतो आणि टाकीने ठोकलेला असला की फिकट, त्यामुळे केवळ पृष्ठभागाच्या फरकाने रेखाटनातल्या दोन छटा दगडात आणता येतात. पेन्सिलीने जे सहज साधते ते सर्व दगडांत साधत नाही, हे लक्षात ठेवून मी शक्य तेथे दगडाच्या रंगाच्या कागदावर कोळसा आणि पांढऱ्या खडूने रेखाटन करतो.

पाण्याचा विचारही येथेच करावा. पाऊस झेलणाऱ्या शिल्पात वर तोंड करून असलेला प्रत्येक खळगा पाणी साठवतो, आणि त्या पाण्याने दगड काळवंडतो, झिजतो किंवा गोठणाऱ्या हवामानात फुटतो. छेदात अशा प्रत्येक जागी पाणी बाहेर वाहील असा उतार द्यावा. पुढे आलेल्या भागाच्या खालच्या बाजूस एक बारीक खाच दाखवावी, म्हणजे पाणी तेथेच तुटून खाली पडेल आणि चेहऱ्यावरून ओघळणार नाही.

लहान रेखाटनांपासून प्रमाणबद्ध आराखड्यापर्यंत

यानंतर रचनेची लहान रेखाटने करावीत. ती तळहाताएवढी असावीत, भरपूर असावीत आणि त्यांत चेहरेमोहरे नसावेत. केवळ मुख्य वस्तुमान, रिकामी जागा आणि इमारतीच्या रेषांशी असलेले नाते पाहावे. त्यांतले एक निवडून १:१० या प्रमाणात, आजूबाजूची खिडकी, पट्टी, कमान यांच्यासकट पुन्हा काढावे. वास्तूपासून तोडून काढलेले शिल्प कागदावर कितीही डौलदार दिसले, तरी भिंतीत गेल्यावर ते एकतर गुदमरते किंवा हरवते.

या आराखड्यात सर्वप्रथम उभी मध्यरेषा ओढावी. भारतीय शिल्पपरंपरेत तिला ब्रह्मसूत्र म्हणतात आणि मूर्तीची मापे तिच्यापासूनच घेतली जातात. नवताल प्रमाणात मूर्तीची उंची नऊ ताल असते, एका तालात बारा अंगुळे, म्हणजे एकूण १०८ अंगुळे होतात, आणि चेहऱ्याला एक ताल मिळतो. प्राचीन इजिप्तमध्ये दीर्घकाळ उभ्या आकृतीसाठी तळव्यापासून कपाळावरील केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोनांची जाळी वापरत. अशा प्रमाणपद्धतींचा मोठा व्यावहारिक लाभ असा की, अनेक हात एकाच कामावर असले तरी आकृत्या एकमेकींशी जुळतात. स्वतःची आकृती कोणत्याही पद्धतीने काढली असली, तरी मध्यरेषा, तळाची आडवी आधाररेषा आणि समान चौकोनांची जाळी या तीन गोष्टी आराखड्यावर असाव्यात, आणि पुढच्या प्रत्येक रेखाटनावर त्या त्याच जागी पुन्हा याव्यात.

खोलीचे रेखाटन

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. समोरून काढलेल्या आकृतीत नाक गालाच्या किती पुढे आहे हे दिसत नाही, आणि छटांनी ते सुचवता आले तरी मोजता येत नाही. त्यासाठी छेद हवेत. उठावशिल्पातील चेहऱ्यासाठी कपाळ, नाकाचा शेंडा, ओठ आणि हनुवटी अशा चार ठिकाणी आडवे छेद, तसेच मध्यरेषेवर एक उभा छेद पुरेसा होतो; पूर्ण आकृतीसाठी खांदे, कंबर, गुडघे आणि घोटे यांची भर घालावी. प्रत्येक छेद कोठून घेतला आहे ते समोरच्या आकृतीवर रेघ आणि अक्षर देऊन दाखवावे. आडवा आणि उभा छेद जेथे एकमेकांना छेदतात, तेथे दोन्हींतील खोलीचा आकडा एकच आला पाहिजे. तो आला नाही, तर दोन्हींपैकी एक रेखाटन चुकले आहे, आणि ती चूक आत्ताच सापडली हे चांगले झाले.

खोली कोठून मोजायची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नवशिका शिल्पकार बहुधा पार्श्वभूमीला शून्य धरतो आणि आकार तिच्यापासून किती वर उठले आहेत ते लिहितो. कोरताना मात्र पार्श्वभूमी अस्तित्वातच नसते. ती सर्वांत शेवटी उघडी पडते. हातात असतो तो ठोकळ्याचा मूळ सपाट पृष्ठभाग. म्हणून शून्य त्या पृष्ठभागाला द्यावे आणि सर्व खोल्या त्याच्यापासून आत मोजून लिहाव्यात. ज्या बिंदूंना मूळ पृष्ठभाग राखायचा आहे, त्यांच्याभोवती लहान वर्तुळ काढून शून्य लिहावे, म्हणजे पहिल्याच दिवशी तेथे छिन्नी लागणार नाही. चारही बाजूंनी मूळ उंचीची एक पट्टी कडेला राखून ठेवण्याची सोय आराखड्यात असावी. तिच्यावर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली मोजता येते. पट्टी अंतिम कामात नको असेल, तर ती सर्वांत शेवटी उतरवावी.

उठावाची खोली कमी असते तेव्हा आकारांची खरी खोली दाबून बसवावी लागते. समोरासमोर असलेल्या डोक्याचा दर्शनी अर्धा भाग खऱ्या मापाने १२० मिलिमीटर खोल असेल आणि आपल्याकडे ४० मिलिमीटरच असतील, तर सर्व मापांना तीनने भागणे हा सोपा मार्ग दिसतो. त्याने चेहरा पिठाच्या गोळ्यासारखा फुगीर आणि मऊ होतो. त्याऐवजी बाह्यरेषेलगतच्या कडा तीव्र उताराच्या, जवळजवळ उभ्या ठेवाव्यात, म्हणजे सावलीची रेघ मिळते, आणि समोरचे पृष्ठभाग अधिक सपाट करावेत. कोणत्याही परिस्थितीत क्रम मात्र मोडू नये: निसर्गात जे पुढे आहे ते उठावातही, अर्ध्या मिलिमीटरने का होईना, पुढेच असावे. हा क्रम आधी आकड्यांनी लिहून काढावा, सर्वांत पुढच्या आकाराला एक, त्यामागच्याला दोन, याप्रमाणे, आणि मगच प्रत्येकाला मिलिमीटर द्यावेत. अनेक आकृत्यांच्या गर्दीत हा क्रमांकांचा नकाशा छेदांपेक्षाही उपयोगी पडतो.

छेदांच्या जोडीला एक सावलीचे रेखाटन करावे. वास्तूच्या आराखड्यांत रूढ असलेल्या पद्धतीत उजेड वरून डावीकडून असा येतो की आराखड्यावर किरण ४५ अंशांत दिसतात आणि पुढे आलेल्या भागाची सावली त्याच्या पुढे येण्याएवढीच रुंद पडते. ३० मिलिमीटर पुढे आलेल्या कडेची सावली ३० मिलिमीटर. याचा लाभ दुहेरी आहे. कोरणाऱ्या सहकाऱ्याला सावलीची रुंदी मोजून खोली वाचता येते, आणि आपल्याला संपूर्ण भिंतीवर काळोखाचे ठिपके कसे विखुरतील ते दिसते. त्यानंतर त्याच आकृतीची दुसरी प्रत जागेवरच्या खऱ्या उजेडाप्रमाणे छटा देऊन करावी. दोन्हींत रचना वाचता आली, तरच ती पुढे न्यावी.

पूर्ण आकाराचे रेखाटन आणि सांधे

पूर्ण आकाराचे, म्हणजे १:१ रेखाटन भिंतीवर उभे लावून काढावे. जमिनीवर पसरून काढले, तर आपल्याजवळचा भाग आणि लांबचा भाग वेगवेगळ्या कोनांतून दिसतो आणि आकृती नकळत ताणली जाते. काढताना वारंवार मागे जावे. शक्य असेल तेव्हा ते मचाणावरून खऱ्या जागी टांगून जमिनीवरून पाहावे. उंचीच्या दुरुस्तीचा निर्णय येथेच पक्का होतो, आणि एका दुपारच्या या खटाटोपाने मला अनेकदा महिन्याभराच्या कामाची चूक वाचवता आली आहे.

कागद दमट हवेत वाढतो आणि कोरड्या हवेत आकसतो. दोन मीटर लांबीत अर्धा टक्का फरक पडला, तरी तो एक सेंटिमीटर होतो, आणि तेवढ्याने शेजारच्या दगडावरची नक्षी जुळत नाही. महत्त्वाची मापे पॉलिएस्टर फिल्मवर घ्यावीत. कागदच वापरायचा असेल, तर त्यावर उभी आणि आडवी अशा दोन दिशांना एक एक मीटरची रेघ नेमकी मोजून ओढून ठेवावी आणि वापरण्याच्या दिवशी ती पुन्हा मोजावी.

पूर्ण आकाराच्या रेखाटनाची परंपरा फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातील दिदिमा येथील अपोलोच्या मंदिराच्या आतील भिंतींवर बारीक कोरलेल्या रेषांचे कामकाजी आराखडे १९७९ मध्ये लक्षात आले. त्यांत स्तंभाच्या दंडाचे एक रेखाटन असे आहे की, रुंदी पूर्ण आकाराची आणि उंची मात्र घटवून खऱ्या उंचीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी ठेवलेली. स्तंभाचा मधला अतिशय सूक्ष्म फुगवटा अशा रेखाटनात ठळक होतो आणि प्रत्येक थराची रुंदी थेट मोजून घेता येते. ही युक्ती आजही लांबलचक, मंद वक्राच्या पट्ट्यांसाठी तितकीच उपयोगी आहे. मध्य प्रदेशातील भोजपूरच्या अपुऱ्या राहिलेल्या शिवमंदिराभोवती खडकांवर स्तंभ, तोडे आणि शिखर यांची रेखाटने कोरलेली आहेत, तर इंग्लंडमधील यॉर्क आणि वेल्स येथील कॅथेड्रलांत गिलाव्याच्या फरशीवर पूर्ण आकाराच्या रेषा ओढून त्यांवरून फर्मे, म्हणजे दगडाला लावून पाहायचे छेदाच्या आकाराचे नमुने, कापले जात. रेखाटन दगडकामाच्या जागीच, न हलणाऱ्या पृष्ठभागावर असावे, हा त्या सर्वांतला समान विचार मला फार पटतो.

सांधे या रेखाटनावर पहिल्यापासून असावेत, मागाहून बसवू नयेत. सांधा डोळ्यांतून, ओठांतून किंवा बोटांवरून जाऊ देऊ नये. तो वस्त्राच्या काठावर, कंबरपट्ट्यावर, पानाच्या कडेखाली लपवावा. सहा थरांचे शिल्प आणि ५ मिलिमीटरचे सांधे असतील, तर मधल्या पाच सांध्यांचे मिळून २५ मिलिमीटर होतात. आकृती ही सांधे धरून होणाऱ्या पूर्ण उंचीवर काढावी आणि सांध्याच्या पट्टीत येणारा आकृतीचा अंश चुन्यात जाईल असे धरावे. आकृती केवळ दगडांच्या उंचीत कापून वाटली, तर बसवल्यानंतर ती तेवढीच ताणली जाते, आणि चेहऱ्यावर ते लगेच दिसते. काठ एकमेकांना मिळणाऱ्या ठिकाणी दोन्ही दगडांवर काही मिलिमीटर दगड जादा राखून तो बसवल्यानंतर जागेवर कोरावा, आणि ही जादा जागा आराखड्यावर तिरप्या रेघांनी दाखवावी.

रेखाटन दगडावर उतरवणे

ठोकळ्याचा दर्शनी पृष्ठभाग सपाट व बाजू काटकोनात असल्याची गुण्याने खात्री करून घ्यावी. मग मध्यरेषा आणि आधाररेषा पृष्ठभागावर ओढून त्या ठोकळ्याच्या बाजूंवर, वर आणि खालीही नेऊन बारीक खाचेने कायम कराव्यात. पुढचा पृष्ठभाग पहिल्या दोन दिवसांत नाहीसा होतो; बाजूंवरच्या या खुणांवरून तो प्रत्येक वेळी पुन्हा आखता येतो.

रेषा उतरवण्यासाठी मला टोचण्याची रीत सर्वांत भरवशाची वाटते. रेखाटनाच्या प्रतीवर रेषेच्या कडेने सुईने बारीक छिद्रे पाडावीत, कागद मध्यरेषेवर जुळवून घट्ट बसवावा आणि कापडाच्या पुरचुंडीतील कोळशाची पूड त्यावरून हलकेच थोपटावी. काळ्या दगडावर कोळशाऐवजी खडूची पूड वापरावी. उमटलेल्या ठिपक्यांवरून लगेच रेषा ओढून घ्यावी, कारण ठिपके फुंकरीने उडतात. मूळ रेखाटनाला छिद्रे पाडू नयेत. पट्ट्यांच्या छेदांसाठी पत्र्याचे किंवा जाड प्लॅस्टिकचे फर्मे कापून प्रत्येकावर दगडाचा क्रमांक, वरची बाजू आणि दर्शनी बाजू लिहावी. उलटा धरलेला फर्मा अगदी बरोबर बसतो आणि नेमका चुकीचा दगड देतो.

सुरुवातीच्या टप्प्यात गेरू चालतो, कारण तो पृष्ठभाग निघूनच जाणार असतो. अंतिम पृष्ठभागाजवळ आल्यावर, विशेषतः पांढऱ्या किंवा सच्छिद्र दगडावर, पेन्सिल किंवा कोळसाच वापरावा. मेणाचे खडू आणि शाईची पेने दगडात मुरतात. इजिप्तमधील फारो होरेमहेबच्या अपुऱ्या राहिलेल्या थडग्यात भिंतींवर लाल रंगातील पहिली रेषा आणि तिच्यावर काळ्या रंगातील दुरुस्ती आजही दिसते. दोन रंगांची ही शिस्त पाळावी, म्हणजे चार हात काम करत असताना कोणती रेषा अंतिम आहे याविषयी शंका राहत नाही.

कोरताना प्रत्येक थर उतरला की रेखाटन पुन्हा करावे लागते. नव्या, खोल गेलेल्या पृष्ठभागावर कागद आता सपाट बसत नाही. तेव्हा जाळीवरून आणि कंपासने मापे घेऊन, छेदांशी ताडून, हाताने आखावे. पूर्ण गोलाईकडे झुकणाऱ्या शिल्पात या टप्प्यावर रेखाटने अपुरी पडू लागतात आणि मातीचा १:४ किंवा १:५ प्रमाणातला नमुना शेजारी असणे गरजेचे होते. नमुना केल्यावर त्यातून सुचलेले बदल परत छेदांवर आणावेत. तसे न केल्यास कार्यशाळेत दोन परस्परविरोधी आधार तयार होतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा आधार पाहतो.

नोंदी आणि जतन

प्रत्येक कागदावर दगडाचा क्रमांक, प्रमाण, तारीख, थरांची दिशा आणि कितवी दुरुस्ती आहे हे एका ठरलेल्या कोपऱ्यात लिहावे. जुनी दुरुस्ती फाडून टाकू नये, पण तिच्यावर ती रद्द झाल्याची ठळक तिरपी रेघ मारावी. जर्मनीतील कलोनच्या कॅथेड्रलच्या पश्चिम दर्शनी भागाचा चार मीटरहून उंच चर्मपत्रावरील मध्ययुगीन आराखडा दोन तुकड्यांत हरवला होता. ते तुकडे १८१४ आणि १८१६ मध्ये सापडले आणि अपुऱ्या राहिलेल्या मनोऱ्यांचे काम त्याच्या आधारे पुढे नेता येऊन १८८० मध्ये इमारत पूर्ण झाली. आपल्या कामात एखादा दगड पन्नास वर्षांनी बदलावा लागला, तर तो कोरणाऱ्यासमोर आपली रेखाटने असावीत अशा बेताने ती ठेवावीत: आम्लरहित कागदाच्या घडीत, न गुंडाळता, सपाट. शिल्प भिंतीत बसल्यानंतर मचाण उतरवण्यापूर्वी एकदा छेदांचे कागद घेऊन वर जावे, प्रत्यक्ष कोरलेल्या खोल्या मोजाव्यात आणि जेथे त्या आराखड्याहून वेगळ्या झाल्या असतील तेथे नवे आकडे लाल रंगात लिहून ठेवावेत.